दाह आणि जनुक-नियमन: संशोधनाची सुरुवात कशी करावी

दाहाच्या जनुक-नियमनावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने एनएफ-कप्पा-बी या, दाहाशी निगडित जनुके चालू करणाऱ्या प्रथिनापासून सुरुवात करावी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते बी-पेशींत (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) शोधले. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातील दाह चेतवणारा पदार्थ, म्हणजेच एंडोटॉक्सिन) देऊन ०, १५, ३०, ६० व १२० मिनिटांनी नमुने घ्यावेत आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनांचे प्रमाण पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) आय-कप्पा-बी-अल्फाची, म्हणजे एनएफ-कप्पा-बीला अडवून ठेवणाऱ्या अवरोधक प्रथिनाची, पट्टी पाहावी. हा अवरोधक नष्ट होत असल्याने ती साधारणतः अर्ध्या तासात फिकट होते आणि पुढे पुन्हा गडद होते, कारण मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन आपल्याच अवरोधकाचे जनुक चालू करते. म्हणूनच एकाच वेळेच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. नमुने बर्फावर ठेवावेत. पेशींच्या माध्यमात आधीच एंडोटॉक्सिन मिसळलेले असेल, तर शून्य मिनिटाचा नमुनाच फसवा ठरतो. माध्यमातील एंडोटॉक्सिनची तपासणी, माझ्या मते, सर्वांत आधी करावी.