व्हीलचेअरवरून रेल्वे फाटक ओलांडताय? या चुका टाळा

फाटकात चेअर अडकते ती बहुतेक वेळा दोन इंचाच्या फटीत. रुळाच्या आतल्या बाजूला गाडीच्या चाकाची कड जायला एक खाच सोडलेली असते, आपल्याकडे ती साधारण 51 ते 57 मिलिमीटरची, आणि आपल्या चेअरची पुढची छोटी चाकं म्हणजे कॅस्टर जेमतेम इंच-सव्वा इंच रुंद. आता करा हिशोब. मी बारा वर्षं चेअरवर आहे, घराजवळच फाटक आहे, माझं चाक एकदाच त्या खाचेत गेलं आणि तेव्हा गेट उघडं होतं, मागून भाजीची हातगाडी घेऊन येणाऱ्या काकांनी चेअर पुढून उचलली म्हणून निभावलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रूळ तिरके ओलांडणं. मुद्दाम कोणी करत नाही हो, पण बऱ्याच ठिकाणी रस्ताच रुळांना तिरका छेदतो, त्यात रिक्षा आणि बाइकवाले दाबत दाबत आपल्याला कडेला नेतात आणि कडेचे पेव्हर ब्लॉक नेमके उखडलेले. रस्ता कसाही असू दे, रुळाशी आल्यावर चेअर काटकोनात वळवून घ्या, मागचा हॉर्न वाजवू दे.

दुसरी चूक याच्याच पोटातली. मध्येच घाबरून थांबायचं आणि मागे घ्यायचं. चेअरची दिशा बदलली की कॅस्टर स्वतःभोवती अर्धा फेरा घेऊन उलटे होतात, आणि ते फिरणं खाचेच्या वर झालं तर चाक आत गेलंच समजा. एकदा निघालात की पलीकडेच जायचं.

व्हीली, म्हणजे मागच्या चाकांवर तोल सांभाळून पुढची चाकं उचलणं, जमत असेल तर प्रत्येक रुळाला कॅस्टर जरासे उचला. जमत नसेल तर ढकलणाऱ्याने मागच्या पाइपवर पाय देऊन चेअर मागे कलवायची आणि मोठ्या चाकांवर रूळ पार करायचे, मोठं चाक सहसा खाचेत जात नाही. मागे उलटू नये म्हणून बसवलेली छोटी चाकं (अँटी-टिपर) त्याआधी वर करून घ्या, नाहीतर चेअर कलतच नाही आणि माणूस उगाच ओढत बसतो. फूटरेस्ट फार खाली असेल तर तोही रुळाला आपटतो. निओबोल्टसारखं पुढे मोठं चाक असलेलं अटॅचमेंट लावलं तर कॅस्टर जमिनीपासून उचललेच जातात, पण सगळ्यांना ते परवडतं असं नाही.

गेट खाली यायला लागलं की "होईल अजून" म्हणून आत शिरू नका. इंटरलॉक असलेल्या फाटकात गेट पूर्ण बंद होऊन लॉक झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, म्हणजे तुम्ही आत असाल तर गेटमन थांबू शकतो. पण त्यासाठी तुम्ही त्याला दिसायला पाहिजेत ना! बसलेला माणूस बाइकच्या गर्दीत दिसतच नाही. म्हणून मी आधी हात करतो, "दादा, चेअर येतेय" म्हणून ओरडतो, मगच निघतो. सगळीच फाटकं इंटरलॉक नसतात हेही लक्षात असू द्या. आणि एक गाडी गेली म्हणजे झालं असं नाही, शेजारच्या लाइनवरून दुसरी येत असते.

चढावर थांबलात तर ब्रेक लावा, फाटकाचा रस्ता रुळांकडे चढत जातो. पावसात रिम ओल्या असतात, हात सरकतात, सोबत कोणी असेल तरच जा.

पॉवर चेअर मध्येच बंद पडली तर लोक ती तशीच ढकलायला बघतात आणि ती हलत नाही, कारण मोटर गुंतलेली असते. मोटरजवळ चाकं मोटरपासून सुटी करणारा फ्रीव्हील लिव्हर असतो, तो कुठल्या बाजूला फिरवायचा ते सोबतच्या माणसाला घरीच दाखवून ठेवा. लिव्हर फिरवला की चेअरचा ब्रेकही जातो बरं का, उतारावर धरून ठेवा.

तरीही अडकलातच तर आधी बेल्ट सोडा, माणसाला उचलून बाहेर काढा. चेअर नंतर. साठ हजारांची आहे वगैरे विचार तेव्हा नको. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते आणि थांबायला जवळपास किलोमीटर घेते. एकाने गेटमनला गाठायचं, दुसऱ्याने रुळाच्या बाजूने, रुळावरून नाही, गाडी जिकडून येणार त्या दिशेला पळायचं. दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ वर धरणं हा रेल्वेच्या नियमात थांबायचा सिग्नल आहे. रात्री मोबाइलचा टॉर्च अंगासमोर आडवा जोरजोरात हलवा.

स्टेशनवरची गोष्ट जरा वेगळी. लिफ्ट बंद असली की हमाल प्लॅटफॉर्मच्या टोकाला सामानाच्या गाड्यांसाठी रुळांवरून केलेल्या ट्रॉली पाथवरून न्यायला तयार होतात, "रोजचंच आहे साहेब" म्हणतात. स्टेशन मास्टरला विचारल्याशिवाय हलू नका, कुठली गाडी न थांबता जाणार आहे ते त्यांनाच माहीत असतं.

भिंत तोडून केलेल्या शॉर्टकटचं तर बोलूच नका, तिथे नुसती खडी असते, शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली दंड नाहीतर कैद.