कर्नलमध्ये नेटवर्क फाइल सर्व्हर लिहिण्याआधीची तयारी

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमचा सर्व्हर क्लायंटला कोणकोणता शब्द देणार आहे, ते लिहून काढा. ‘ही फाइल कालचीच आहे.’ ‘तू पाठवलेला डेटा डिस्कवर पोचला.’ ‘हे लॉक तुझं आहे.’ ‘हे काम मी एकदाच केलं.’ फाइल सर्व्हरचं बहुतेक सगळं अवघड काम या चार वाक्यांत येतं, आणि मशीन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं तरी ही वाक्यं खरी राहावी लागतात. साधा प्रोग्रॅम कोसळला की त्याचं बोलणंही तिथेच संपतं. इथे क्लायंट पलीकडे जागाच असतो, आणि रीबूटच्या आधी दिलेला शब्द रीबूटनंतरही धरून बसलेला असतो. पुढची तयारी याच कागदावरून करायची आहे.

त्याच कागदावर दुसरा प्रश्न लिहा: हे कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच का हवं? विंडोजच्या एसएमबी प्रोटोकॉलचा सर्व्हर सांबा १९९२ पासून युजरस्पेसमध्येच, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा, चालत आला आहे. लिनक्सचा एनएफएस (युनिक्सच्या जगातला फाइल शेअर करण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरही आधी युजरस्पेसमध्ये होता, कर्नलमधला सर्व्हर १९९९ च्या २.२ आवृत्तीबरोबर रूळला. ‘वेग’ एवढंच उत्तर असेल तर आधी मोजमाप करा. पेज कॅशेतली, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या फाइलची पानं मध्ये कॉपी न करता थेट सॉकेटकडे देता येणं हा खरा फायदा आहे. लॉक, लीज (ठरावीक मुदतीचा हक्क) आणि मशीनवरचे इतर प्रोसेस यांच्यात ताळमेळ ठेवणं आत बसून सोपं जातं, हाही आहे. मात्र एका जुन्या कारणातला जोर आता ओसरला आहे. २०११ च्या २.६.३९ आवृत्तीपासून हँडलवरून (सर्व्हरने फाइलला दिलेल्या ओळखीवरून) फाइल उघडण्याचा सिस्टिम कॉल युजरस्पेसलाही मिळाला आणि गनेशासारख्या युजरस्पेसमधल्या एनएफएस सर्व्हरचं काम सोपं झालं. तुमचं कारण लिहून ठेवा. पॅच (कोडमधला बदल) पाठवाल तेव्हा पहिली विचारणा त्याचीच होईल.

आत जायचं ठरलं तरी सगळं आत न्यायचं नाही. कोणता भाग कुठे बसणार याचं चित्र आधीच काढा. २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ मध्ये आलेल्या केएसएमबीडी या एसएमबी सर्व्हरची विभागणी अभ्यासण्यासारखी आहे. फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं ही रोजची वर्दळ कर्नलमध्ये. युजरची माहिती, शेअरची कॉन्फिगरेशन आणि डीसीई/आरपीसीचा (दूरच्या मशीनवरची फंक्शनं बोलावण्याच्या पद्धतीचा) गुंता युजरस्पेसच्या डीमनकडे, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे. दोघांत नेटलिंकवरून (कर्नल आणि युजरस्पेसमधल्या सॉकेटवरून) निरोप. एनएफएसमध्येही कोणाला काय एक्स्पोर्ट करायचं, म्हणजे नेटवर्कवर द्यायचं, हे बाहेरचा डीमन सांगतो आणि कर्नल ते उत्तर कॅशेत ठेवतो. माझी कसोटी अशी: जे क्वचित लागतं, ज्यात स्ट्रिंग फोडाव्या लागतात किंवा ज्याचे नियम सारखे बदलतात, ते बाहेर. आणि बाहेरचा डीमन उत्तरच देत नसेल तर आतला थ्रेड किती वेळ थांबणार, हेही चित्रावर लिहा. ही जागा बहुतेक वेळा कोरी राहते आणि मग सर्व्हर अडकतो.

प्रोटोकॉल निवडताना आवृत्ती नेमकी ठरवा. एनएफएसची तिसरी आवृत्ती, आरएफसी १८१३ या दस्तऐवजातली, १९९५ ची, मर्यादित आणि समजायला सोपी. नवं काम शिकायला तीच बरी. चौथीत सर्व्हरला ‘कोणी काय उघडलंय’ याची स्थिती सांभाळावी लागते, आणि ४.१ मध्ये सेशन येतात. एसएमबीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टचा एमएस-एसएमबी२ हा दस्तऐवज खुला आहे. पहिल्या एसएमबीच्या वाटेला अजिबात जाऊ नका, केएसएमबीडीनेही ती जाणूनबुजून वगळली आहे. आणि दोन्हींतला बाइटचा क्रम उलटा आहे हे भिंतीवर लावून ठेवा: एनएफएसची एक्सडीआर ही डेटा मांडण्याची पद्धत बिग एंडियन (मोठा बाइट आधी), एसएमबी२ लिटल एंडियन (लहान बाइट आधी), पण एसएमबीच्या पुढे टीसीपीवर येणारी चार बाइटची लांबी मात्र बिग एंडियन.

आता फाइलच्या ओळखीकडे या. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. क्लायंटला सर्व्हर एक फाइल हँडल देतो. तो क्लायंटच्या दृष्टीने नुसता बाइटचा पुंजका असतो: एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमका ३२ बाइटचा, तिसरीत ६४ पर्यंत, चौथीत १२८ पर्यंत. त्यात पाथ नसतो, कारण फाइलचं नाव मध्येच बदललं तरी हँडल चालायला हवा. असते ती फाइल सिस्टिमची ओळख, आयनोड क्रमांक (फाइलच्या नोंदीचा क्रमांक) आणि जनरेशन क्रमांक (तोच आयनोड नव्या फाइलला दिला की बदलणारा). जनरेशन कशाला, ते एका उदाहरणावरून बघा. आयनोड ४२१७ वर हिशेबाची फाइल आहे आणि एका क्लायंटने तिचा हँडल धरून ठेवला आहे. दुसऱ्याने ती फाइल पुसली. थोड्या वेळाने फाइल सिस्टिमने तोच ४२१७ कोणाच्या तरी पासवर्डच्या फाइलला दिला. पहिला क्लायंट जुन्या हँडलवर लिहायला आला. फक्त आयनोड क्रमांक पाहिलात तर हिशेबाच्या ओळी थेट पासवर्डच्या फाइलमध्ये गेल्या. जनरेशन जुळत नाही म्हटल्यावर ‘हँडल शिळा झाला’ ही एरर परत गेली पाहिजे. लोक त्या एररला वैतागतात, पण त्या क्षणी सर्व्हरकडे दुसरं खरं उत्तर नसतं.

म्हणून ज्या फाइल सिस्टिम तुम्हाला एक्स्पोर्ट करायच्या आहेत, त्या एकेक तपासा. हँडलवरून आयनोड आणि मग डायरेक्टरीच्या मूळ झाडाशी जोडलेली डेंट्री (नाव आणि आयनोड जोडणारी नोंद) परत मिळवून देणारी फंक्शनं तिथे आहेत का? आई-डायरेक्टरी शोधता येते का? फाइल सिस्टिमची ओळख डिव्हाइस क्रमांकावरून काढली असेल तर रीबूटनंतर डिस्कचा क्रम बदलताच सगळे हँडल बाद. यूयूआयडीवरून, म्हणजे फाइल सिस्टिममध्येच लिहिलेल्या ओळखीवरून काढली असेल तर टिकतात. टीएमपीएफएसच्या मागे डिस्कच नाही, त्यामुळे रीबूटनंतर टिकेल अशी ओळख तिला नसते. ओव्हरलेएफएसला (एकावर एक रचलेल्या डायरेक्टरींच्या फाइल सिस्टिमला) त्यासाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. डायरेक्टरी वाचताना दिली जाणारी कुकीही (कुठपर्यंत वाचलं याची खूण) याच पठडीतली. क्लायंट अर्धी यादी वाचून थांबला, मधल्या काळात चार फाइल गेल्या आणि सहा आल्या, तरी त्याच कुकीपासून पुढे वाचता आलं पाहिजे.

लिहिण्याचा शब्द दुसरा. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत डेटा टिकाऊ साठ्यावर जाईपर्यंत उत्तरच द्यायचं नसे, आणि त्यामुळे ती मंद होती. तिसरीने तोडगा काढला: क्लायंट ‘तूर्तास मेमरीत ठेव’ म्हणून लिहितो, सर्व्हर उत्तरात आठ बाइटचा व्हेरिफायर देतो आणि शेवटी क्लायंट कमिट, म्हणजे ‘आता डिस्कवर पक्कं कर’, मागतो. मधल्या काळात सर्व्हर कोसळून उठला तर व्हेरिफायर बदललेला दिसतो आणि क्लायंट सगळं पुन्हा पाठवतो. या रचनेत दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, रीबूटनंतर व्हेरिफायर खरोखर वेगळा येतो का? घड्याळाच्या सेकंदावर विसंबलात आणि घड्याळ मागे गेलं तर तोच आकडा पुन्हा येऊ शकतो. दुसरं, कमिटच्या वेळी डिस्कनेच एरर दिली तर? पानं मेमरीतून ‘स्वच्छ’ म्हणून निघून गेलेली असू शकतात, आणि पुढच्या कमिटला तुम्ही खुशाल ‘झालं’ म्हणाल. अशा वेळी सर्व्हर चालू असला तरी व्हेरिफायर बदलायचा, म्हणजे ज्याचा डेटा अजून त्याच्याकडे आहे तो क्लायंट तो पुन्हा पाठवेल. ज्या सर्व्हरने ‘झालं’ म्हणून डेटा हरवला, त्याच्यावर पुन्हा कोणी विसंबत नाही. म्हणून हा भाग मी इतर कोणत्याही वेगाच्या सुधारणेआधी पक्का करतो.

‘एकदाच केलं’ हा शब्द नेटवर्कमुळे अवघड होतो. फाइल पुसण्याची विनंती आली, सर्व्हरने पुसली, उत्तर वाटेत हरवलं, क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवली. आता ‘अशी फाइलच नाही’ असं उत्तर गेलं तर यशस्वी झालेलं काम वापरणाऱ्याला फसलेलं दिसतं. एनएफएस तिसरीसाठी झालेल्या उत्तरांचा कॅशे ठेवावा लागतो, ४.१ मध्ये सेशनचे स्लॉट आणि क्रमांक हेच काम नेमकेपणाने करतात. कॅशेचा आकार आणि जुनी नोंद कधी टाकायची, हे आत्ताच ठरवा.

लॉकसाठी लीजची मुदत आणि रीबूटनंतरचा सवलतीचा काळ ठरवा. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये लीज ९० सेकंदांची असते. सवलतीच्या काळात जुन्या क्लायंटनी आपापली लॉक परत मागायची, नव्यांनी थांबायचं. पण जुना कोण, हे रीबूटनंतर सर्व्हरला कसं कळणार? ती यादी डिस्कवरच हवी, आणि ती सांभाळायला युजरस्पेसचा डीमन पुरतो.

ओळखपत्रांचा भाग थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नका. साध्या एनएफएसमध्ये क्लायंट ‘मी युजर क्रमांक अमुक’ एवढंच सांगतो आणि सर्व्हर मान्य करतो. त्यातही १६ च ग्रुप मावतात. खात्री हवी तर कर्बेरॉस (तिकिटांवरून ओळख पटवणारी पद्धत). कर्नल थ्रेड प्रत्येक विनंतीसाठी त्या युजरची ओळख अंगावर चढवतो आणि काम झाल्यावर उतरवतो. मध्येच एरर येऊन बाहेर पडणाऱ्या एखाद्या वाटेवर उतरवायची राहिली, तर पुढच्या माणसाचं काम आधीच्या माणसाच्या अधिकाराने होतं. चढवणं आणि उतरवणं एकाच फंक्शनमध्ये ठेवायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. रूटला (सर्व अधिकार असलेल्या युजरला) दाबून सामान्य युजर करणं हे डिफॉल्टच असू द्या.

यानंतर सगळ्यात धोक्याची जागा: लॉगिनच्या आधी येणारे बाइट. अनोळखी माणसाने पाठवलेले बाइट तुमचा कोड कर्नलच्या पूर्ण अधिकाराने वाचणार आहे. एसएमबीत टीसीपीवर पहिला बाइट शून्य आणि मग २४ बिटांची लांबी येते. म्हणजे कोणीही चार बाइट पाठवून १६ एमबीचा दावा करू शकतो. दावा ऐकून लगेच तेवढी मेमरी घेतलीत, तर हजार कनेक्शनांत मशीन आडवं. लॉगिन होईपर्यंतची मर्यादा वेगळी आणि लहान ठेवा, अर्धवट विनंतीला टाइमआउट लावा, एका पत्त्यावरून किती कनेक्शन घ्यायची ते ठरवा.

आकड्यांची बेरीज तर एकेक करून तपासा. मार्च २०२० मध्ये विंडोजच्या कर्नलमधल्या एसएमबी सर्व्हरमध्ये एसएमबीघोस्ट नावाने ओळखली जाणारी चूक उघड झाली. कॉम्प्रेस केलेल्या पॅकेटच्या हेडरमध्ये मूळ आकार आणि ऑफसेट असे दोन ३२ बिटांचे आकडे होते, आणि सर्व्हर त्यांच्या बेरजेएवढा बफर घेत होता. आकार ४,२९,४९,६७,२९५ आणि ऑफसेट १६ पाठवा: ३२ बिटांत बेरीज येते १५. बफर घेतला पिटुकला, भरला भलामोठा. लिनक्समध्ये ओव्हरफ्लो तपासून बेरीज करणारे मॅक्रो तयार आहेत, पॅकेटमधून आलेल्या प्रत्येक आकड्याला तेच वापरा. पॅकेट वाचायचं तर ‘इतके बाइट उरलेत का’ हे स्वतः बघणाऱ्या एका छोट्या थराकडूनच. कच्चा पॉइंटर हातात घेऊन पुढे सरकणं बंद.

दुसरा मोठा वर्ग ऑब्जेक्टच्या आयुष्याचा. सेशन, शेअरची जोडणी, उघडी फाइल, लॉक: प्रत्येकासाठी लिहा की रेफरन्स कोण धरतं, कोण सोडतं आणि कोणत्या लॉकखाली. केएसएमबीडीत २०२२ मध्ये शेअरची जोडणी तोडण्याच्या कमांडमध्ये मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक सापडली, आणि सुरक्षेच्या चुका गोळा करणाऱ्या झीरो डे इनिशिएटिव्हने तिची तीव्रता १० पैकी १० ठरवली. २०२५ मध्ये लॉगऑफमध्येही तशीच सापडली: एकाच सेशनला दोन कनेक्शन जोडलेली, एक थ्रेड युजरची नोंद मोकळी करतोय आणि दुसरा तीच वाचतोय. मांडणी करतानाच विचारा: या क्षणी दुसऱ्या कनेक्शनवरून लॉगऑफ आलं तर काय? हा प्रश्न प्रत्येक कमांडला विचारायचा, कंटाळा न करता.

थ्रेड किती, हा आकडा बदलता यावा. मेमरी कमी पडल्यावर काय होतं तेही तपासा, विशेषतः त्याच मशीनने स्वतःचाच शेअर माउंट केला असताना. क्लायंटला पानं मोकळी करायला सर्व्हरची गरज, सर्व्हरला काम करायला मोकळ्या पानांची. दोघं एकमेकांची वाट बघत गोठतात. यासाठी लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरच्या थ्रेडना थोडी वेगळी वागणूक द्यावी लागली आहे.

तपासणीचा बाक कोड लिहिण्याआधीच मांडा. व्हर्च्युअल मशीनवर केसॅन, केसीसॅन आणि लॉकडेप (मेमरीच्या, थ्रेडच्या चढाओढीच्या आणि लॉकच्या चुका पकडणारी साधनं) चालू केलेला कर्नल, शेजारी पॅकेट दाखवणारा वायरशार्क, आणि किमान दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे क्लायंट, कारण एकाच घराण्याचे क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांच्या चुका झाकतात. एनएफएससाठी पायएनएफएस, एसएमबीसाठी सांबाचा एसएमबीटॉर्चर, फाइल सिस्टिमसाठी एक्सएफएसटेस्ट्स आणि अनोळखी बाइटसाठी फझर (मुद्दाम वेडेवाकडे बाइट पाठवून बघणारा प्रोग्रॅम). त्यात एक चाचणी स्वतःची घाला: क्लायंट क्रमांक टाकलेल्या ओळी लिहितो, कमिटचं उत्तर आलेला शेवटचा क्रमांक दुसऱ्या मशीनवर नोंदवतो, आणि तुम्ही सर्व्हरचं व्हर्च्युअल मशीन मध्येच मारून टाकता. उठल्यावर नोंदवलेल्या क्रमांकापर्यंतची एकही ओळ गायब नको. ही चाचणी रात्रभर फिरवा.

लिहायला लागाल तेव्हा आधी फक्त वाचता येणारा सर्व्हर करा. हँडल, डायरेक्टरी आणि ओळखपत्रं पक्की झाली की लिखाण, मग लॉक, शेवटी लीज आणि वेगाची कामं. प्रत्येक पॅच एकटा बिल्ड होऊन चालला पाहिजे, म्हणजे पुढे बायसेक्ट करता येईल, चूक कोणत्या पॅचने आली ते शोधता येईल. पॅचसोबत मेंटेनर म्हणून कोणाची नावं जाणार, सुरक्षेचे निरोप कोण घेणार आणि जुन्या स्टेबल आवृत्त्यांवर दुरुस्त्या कोण नेणार, हे आधी ठरवा. दोन माणसं तरी हवीत, म्हणजे एक रजेवर असताना दुरुस्ती अडणार नाही. कॉन्फिगमध्ये पर्याय सुरुवातीला बंद ठेवा आणि प्रायोगिक अशी खूण लावा. ती खूण कोणत्या चाचण्या पास झाल्यावर काढायची, तेही त्याच पहिल्या कागदाच्या खाली लिहून ठेवा.