सोमवारच्या शिफ्टमधली उपासना

जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र 3:23 पुष्कळ घरांत भिंतीवर असतं. ते आचरणात आणायचं असेल तर आधी त्याच्या वरचं, 22वं वचन वाचा. पत्र लिहिणारा पौल तिथे दासांना सांगतो, तोंडदेखली चाकरी करू नका. म्हणजे मालक समोर असताना एक हात आणि पाठ फिरली की दुसरा, असं नको.

सगळा दिवस एकदम सुधारायला जाऊ नका. आपल्या कामात जिथे कुणी तपासत नाही अशी एकच जागा शोधा. नाशिकजवळ सातपूर-अंबडच्या सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे नग कापतात तिथे, ती बहुधा तपासणीच्या कागदावर सापडते. ठरल्या नगांनंतर मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून रीडिंग लिहायचं असतं, पण शिफ्ट संपताना सगळे रकाने एका दमात भरले जातात. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, झिजत जातं तसा नगाचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. एका नगात ते डोळ्यांना दिसत नाही आणि दोन तासांत माल मापाबाहेर जातो. ओझर-पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हीच जागा पनेटच्या, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डब्याच्या, तळाशी असते. वर टपोरे मणी आणि खाली एक फुटलेला. प्रवासात तोच शेजारच्या मण्यांना कुजवतो. घड देठाला धरून फिरवायचा, खराब मणी कात्रीने काढायचा आणि मगच भरायचा. बोटं लागली की मण्यावरची लव, म्हणजे मेणासारखा पांढुरका थर, पुसली जाते.

घरातून निघताना त्या एकाच कामाचं नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना करा: ‘प्रभू, आज प्रत्येक रीडिंग वेळेवर आणि खरं लिहीन. हे तुझं काम आहे.’ ‘दिवस आशीर्वादित कर’ एवढंच म्हटलं तर पहिल्या चहापर्यंतही लक्षात राहत नाही. मग दर रीडिंगला, मायक्रोमीटर उचलताना, मनात तेच वाक्य आणा. पंधरा दिवसांनी दुसरी जागा घ्या.

यात दोन चुका नेहमी होतात. चालू मशीनसमोर मोबाइलवर बायबल उघडणं ही पहिली. तेवढा वेळ ती मशीनच तुमची उपासना आहे. दुसरी, ‘प्रभूसाठी’ म्हणत ओव्हरटाइमचे पैसे सोडून देणं. त्याच पत्रात 4:1 मालकांना बजावतं की दासांना न्यायाने आणि रास्त वागवा, तेव्हा हक्काचं मागायला संकोच नको. रविवारची सुट्टीही विकू नका. दमलेल्या हाताचं माप चुकतं.

आणि माप चुकलंच, तर शेवटच्या बरोबर रीडिंगनंतरचे सगळे नग आधी वेगळे करा, सुपरवायझरने विचारायच्या आत त्याला सांगा, मग एकेक मोजा. मापाबाहेरचे लाल क्रेटमध्ये. कागदावरचा आकडा खोडून नवा लिहू नका. जुन्यावर एक रेघ मारा आणि शेजारी सही करा.