आयर्न मेडनचा 'फ्लाइट ६६६' कसा ऐकावा

माझ्याकडे बास गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीलाच हा अल्बम ऐकायला लावतो. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या २००८च्या जगदौऱ्यातला हा लाइव्ह अल्बम २००९मध्ये आला. १६ गाणी, १६ शहरं, आणि पहिलं गाणं, 'एसेस हाय', आपल्या मुंबईतलं: १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल. दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता.

आधी तयारी. फोनवरचं शफल बंद करा. सुरुवातीचं चर्चिलचं भाषण आणि 'एसेस हाय' एकामागोमाग, न तुटता वाजले पाहिजेत. भाषण संपता संपता गिटार सुरू होते, आणि तो क्षण हुकला तर गाण्याचा निम्मा जोर गेला. बास बूस्टही बंद ठेवा. बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिस पिकशिवाय (तारा छेडायच्या पत्रीशिवाय), बोटांनी वाजवतो आणि त्याच्या तारांचा खणखणाट वरच्या पट्टीत असतो. बूस्ट लावला की खालची घुमघुम वाढते आणि नेमका तोच खणखणाट बुडतो.

आता खरं काम. 'एसेस हाय' तीन वेळा ऐका, तीन ठिकाणचं. पहिल्यांदा १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह'वरचं स्टुडिओतलं. मग १९८५च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'वरचं, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं. शेवटी मुंबईचं. दर वेळी एकाच गोष्टीकडे कान द्या, सगळं एकदम पकडायला जाऊ नका.

मी गळ्यापासून सुरुवात करायला सांगतो. लाँग बीचला गायक ब्रूस डिकिन्सन २६ वर्षांचा होता, मुंबईत ४९चा. ध्रुवपदातले उंच सूर तो दोन्हीकडे कसे गाठतो, श्वास कुठे घेतो, शब्द कुठे आखडतो, हे पुन्हा पुन्हा ऐका. या वयात, मोकळ्या मैदानात, दौऱ्याच्या पहिल्याच रात्री हे गाणं सुरुवातीला घ्यायचं म्हणजे छातीच लागते. दुसऱ्या फेरीत गिटारी. १९८५ला त्या दोन होत्या, डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ. मुंबईत यानिक गर्स धरून तीन. सोलोच्या मागे काय भरलंय ते शोधा. ड्रमसाठी वेगळी फेरी ठेवा: निको मॅकब्रेन बेस ड्रमला एकच पेडल वापरतो, तरी पाय कुठे मागे पडत नाही.

त्या रात्री मी मैदानात होतो. तिथे बास कानाआधी छातीत आदळत होता, सूर मात्र एकमेकांत मिसळून येत होते. अल्बममध्ये तो धक्का मिळणार नाही. पण केव्हिन शर्लीच्या मिक्समध्ये हॅरिसचा एकेक सूर सुटा ऐकू येतो, आणि वाजवायला शिकणाऱ्याला तोच हवा असतो.

मग थेट ब्युनोस आयर्सच्या 'फिअर ऑफ द डार्क'वर जा. इथे बँड बाजूला ठेवा आणि फक्त लोक ऐका. ते शब्दांवर थांबत नाहीत, गिटारची धूनसुद्धा गातात. आवाज थोडा वाढवा आणि गर्दी तालाच्या पुढे धावते की मागे रेंगाळते ते टाळी देऊन तपासा.

एवढं झालं की पूर्ण अल्बम एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐका.