चाळिशी उलटल्यावर अ‍ॅनिमेकडे परत यायचं असेल तर

पहिली गोष्ट, अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचं, राहिलेलं सगळं भरून काढायच्या मागे लागू नका. पंधरा वर्षं तुटलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला वाटतं, मधल्या काळात काय काय आलं त्याची यादी करावी आणि एकेक पाहत सुटावं. मीही वहीत चाळीस नावं लिहिली होती. त्यातली सर्वांत गाजलेली ‘वन पीस’ लावली. तिचे हजारावर भाग आहेत. बाराव्या भागापर्यंत कसाबसा पोचलो आणि मग महिनाभर काहीच लावलं नाही. मालिकेत काही खोट नव्हती, मी चुकीच्या दारातून आत शिरलो होतो.

त्यापेक्षा आपण मुळात कशावर भाळलो होतो ते आठवा आणि कागदावर दोन ओळींत लिहा. नाव नाही आठवलं तरी चालेल, दृश्य लिहा.

माझं सांगतो. १९९३ साली मी नववीत होतो, श्रीवर्धनात. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरात होता आणि त्याची अँटेना पोफळीच्या सोटाला बांधलेली. रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. वारा सुटला की चित्रात मुंग्या यायच्या, मग एकजण परसात जाऊन सोट फिरवायचा आणि ओटीवरून आम्ही ओरडायचो, “आलं, आलं! नाय, गेलं!” शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. खाडीपलीकडच्या मुरूडचा माणूस वाघ झालाय याचं आम्हाला भारी अप्रूप. ही बावन्न भागांची मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझ्या कागदावर शेरखान आला नाही. मी लिहिलं, “लांडगीण परक्या पोराला आपल्या पिल्लांत घेते.” त्या एका ओळीने मला पुढची दिशा दाखवली. मला मारामाऱ्या नको होत्या, मला घर हवं होतं.

आता दुसरं, आणि हे जरा अवघड आहे. आपलं का सुटलं ते प्रामाणिकपणे पाहा. नोकरीसाठी मी डोंबिवलीत चौघांत खोली करून राहायचो. २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स ही वाहिनी भारतात सुरू झाली. रात्री छापखान्यातून आलो की आवाज बारीक करून ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ बघायचो. मेलेल्या आईला परत आणू पाहणारे दोन भाऊ, आणि त्या प्रयत्नात एकाचा हात-पाय जातो, दुसऱ्याचं सगळं शरीर. २००६ मध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि मी नोकरी सोडून वाडी सांभाळायला गावी आलो. मालिका अर्धवट राहिली. कामाचा डोंगर होता हे खरं, पण त्याहून खरं कारण वेगळं होतं. एका जवळच्या नातेवाइकाने चार माणसांत म्हटलं, “बाप खाटेवर आणि हा कार्टून बघतो.” त्या दिवसापासून मीच ते मिटवून टाकलं. तुमचंही असं कुणाच्या बोलण्यावरून सुटलं असेल, तर ते बोलणं कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. परत बसाल तेव्हा ते कानात वाजणारच. वाजतंय हे माहीत असलं की हात रिमोटवरून मागे जात नाही.

सुरुवात मालिकेने करू नका, एका सिनेमाने करा, तोही दीड तासाच्या आतला. मी ‘माय नेबर टोटोरो’ सांगेन. हायाओ मियाझाकींचा, १९८८ चा, शहाऐंशी मिनिटांचा. यात खलनायक नाही, लढाई नाही. आई इस्पितळात आहे, बाप दोन मुलींना घेऊन खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतो, एवढंच.

मी तो कसा पाहिला ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारच्या तीन-चार तासांत आमच्या वाडीतल्या तीनशेवर पोफळींपैकी एक्केचाळीस उभ्या राहिल्या. आजोबांनी लावलेल्या होत्या. घरावरची निम्मी कौलं गेली. वीज महिनाभर नव्हती. पुण्याहून मेहुणा ताडपत्र्या आणि शिधा घेऊन आला, त्याच्या मुलाच्या टॅबलेटमध्ये हा सिनेमा उतरवून ठेवलेला होता. टॅबलेट गाडीवर चार्ज केला आणि आम्ही सहाजण ताडपत्रीखाली बसलो.

त्यात धाकटी मेई अंगणात बिया पेरते आणि रोज उकिडवी बसून मातीकडे बघत राहते. काही उगवत नाही. मग एका रात्री टोटोरो, म्हणजे रानातला भला मोठा केसाळ जीव, येतो, छत्री धरून त्या वाफ्याभोवती फिरतो. मुली धावत बाहेर जातात आणि त्याच्यासोबत हात वर ताणतात. एक कोंब, मग दुसरा, मग सगळा वाफा, आणि बघता बघता घरावर छाया धरणारं प्रचंड झाड. सकाळी झाड नसतं. वाफ्यात बोटाएवढे कोंब मात्र खरेच असतात. बाहेर आमच्या वाडीत आडव्या पडलेल्या पोफळींचा ओला वास येत होता. मी रडलो, मुलीसमोर, मेहुण्यासमोर. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने विचारलं, “बाबा, तू हे आधी पाहिलंयस?” मी म्हटलं, “हे नाही. पण अशीच.” पुढच्या पावसात आम्ही रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात.

पाहताना घाई करू नका. अ‍ॅनिमेत पुष्कळदा चित्र जवळजवळ थांबलेलं असतं. याला पैशाचं कारण आहे. ओसामु तेझुकांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणला, तेव्हा कमी चित्रांत भागवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथून थांबलेल्या चित्राचा वापर करायची सवय लागली, आणि चांगल्या दिग्दर्शकांनी त्यातून शांतता काढली. टोटोरोतच दोन्ही मुली भर पावसात स्टॉपवर बापाच्या बसची वाट बघतात. आपल्या फाट्यावर शेवटच्या एसटीची वाट पाहिली असेल तर ते दृश्य तुम्हाला कुणी समजावून द्यायला नको. तिथे फोन हातात घेतलात तर सगळं निसटलं.

भाषेचं म्हणाल तर मूळ जपानी आवाज ठेवा आणि खाली इंग्रजी सबटायटल लावा. चष्म्याच्या नंबरामुळे ओळी निसटत असतील तर सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात, मला हे वर्षभर माहीत नव्हतं. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर क्रंचीरोल या अ‍ॅनिमे दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बऱ्याच मालिका हिंदीत डब केलेल्या आहेत, त्या बघायला कमीपणा मानू नका. मोगली आपण हिंदीतच पाहिला होता. टोटोरो काढणाऱ्या घिबली स्टुडिओचे बहुतेक सिनेमे नेटफ्लिक्सवर मिळतात. आणि कोकणात राहत असाल तर भाग आधीच उतरवून ठेवा. जून ते सप्टेंबर रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही. मी बाजारात गेलो की भाच्याच्या दुकानात वायफायवर आठवड्याचे दोन भाग उतरवतो.

दोनच. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. जपानात मालिका बहुधा तीन महिन्यांच्या हंगामात येतात, बारा-तेरा भाग, आठवड्याला एक. ज्या गतीने दाखवायला केल्यात जवळपास त्याच गतीने पाहिल्या की मधले सहा दिवस त्या मनात मुरतात. पाटाचं पाणी लावताना मी मागच्या भागाचा विचार करतो. एका रात्रीत सगळं संपवणाऱ्या पोरांशी स्पर्धा कशाला?

सिनेमा पचला की मालिकेकडे वळा, आणि तिथे ‘फ्रीरेन’ घ्या. पहिल्या सीझनचे अठ्ठावीस भाग, २०२३-२४ मधले. राक्षसराजाला मारून नायक परत येतात तिथून ही गोष्ट सुरू होते. हजारावर वर्षं जगलेली जादूगारीण आपल्या माणूस-सोबत्याच्या अंत्यविधीला उभी असते आणि तिला कळतं की दहा वर्षं बरोबर चालून आपण याला नीट ओळखलंच नाही. विशीत मला यात काही दिसलं नसतं. वडील गेल्यानंतर दिसलं.

जुनी अर्धवट मालिका पुरी करायची असेल तर सोडली होती तिथून धरू नका, पहिल्यापासून पाहा. ‘फुलमेटल’च्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. २००३ ची मालिका एक्कावन्न भागांची. मूळ कॉमिक तेव्हा पुरं झालेलं नव्हतं, म्हणून तिची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. २००९ मध्ये नवी आली, ‘ब्रदरहूड’, चौसष्ट भागांची, मूळ कॉमिकला धरून. मी आधी जुनीच घेतली, कारण माझं नातं तिच्याशी होतं. नव्याने बघणाऱ्याने सरळ ब्रदरहूड घ्यावी. हे कॉमिक काढणाऱ्या हिरोमु अराकावा होक्काइदोच्या गोठ्यात वाढल्या, चित्रकार होण्याआधी सात वर्षं घरच्या शेतावर राबल्या. काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं हा त्या गोष्टीचा कणा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरातून आलाय हे मला लगेच पटलं.

घरात कुणी नाक मुरडत असेल तर वाद घालू नका, त्यांना आपलं वाटेल असं काही दाखवा. २४ जानेवारी २०२५ ला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला. जपानच्या युगो साकोंनी आपले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांच्यासोबत तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुरा केला होता. मी आईला घेऊन पनवेलला गेलो. जाता-येता मिळून आठ-नऊ तास प्रवास. सेतू बांधण्याच्या वेळी तिने माझा हात धरला होता. बाहेर आल्यावर विचारलं, “हे जपान्यांनी काढलं? आणि तू हे बघत होतास, ते असं होतं?”

मी हो म्हटलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “मग तेव्हा सांगायचं नाहीस?”

आता शनिवारी रात्री जेवणं उरकली की तीच आधी माजघरात येऊन बसते. सबटायटल तिला वाचता येत नाही, म्हणून मुलगी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगते. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्या दोघींच्या मधे बसू नका, मागे बसा. दोन्ही बाजूंचं ऐकू येतं.