पुण्यात मालगाड्या बघायच्या आणि त्यांचे फोटो काढायचे तर सुरुवात कशी करायची

माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात विचारलं, मामा मालगाडीचं टाइमटेबल कुठे मिळतं, मला फोटो काढायचेत. त्याला म्हटलं अरे मालगाडीला आपल्यासाठी टाइमटेबल नसतंच, फोनमधल्या गाड्या बघायच्या ॲपमध्येही ती दिसत नाही, रेल्वेकडे मालाचा हिशोब ठेवणारी वेगळी सिस्टीम आहे पण ती व्यापाऱ्यांसाठी, आपल्याला लाइन वाचायला शिकावं लागतं. मग त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण डेक्कन क्वीनचे फोटो काढणारे पुण्यात ढिगाने आहेत आणि मालगाडीसाठी थांबणारे फार कमी, आणि मला मनापासून वाटतं की आपलं शहर काय बनवतं आणि काय खातं ते बघायचं असेल तर मालगाडीच बघावी.

पहिलं म्हणजे दिशा समजून घ्या. मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईकडून येणारी ती डाउन. लोणावळ्याकडून येणारी लाइन पुण्यापर्यंत साधारण आग्नेयेला उतरते आणि पुढे हडपसर, लोणी, उरुळी करत दौंडकडे पूर्वेलाच जाते. म्हणजे सकाळी ऊन पूर्वेकडून असतं तेव्हा डाउन गाडीच्या तोंडावर उजेड पडतो, आणि संध्याकाळी अप गाडीच्या. सकाळी डाउन, संध्याकाळी अप, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे फोटो सुधारतात. मी पहिली दोन वर्षं हे न कळता सकाळी सातला पिंपरीला उभा राहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्या टिपत होतो आणि सगळी इंजिनं काळी यायची, मला वाटायचं कॅमेराच खराब आहे. दौंड लाइनवर अजून एक, थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, तर लाइनच्या दक्षिणेच्या बाजूने फोटो काढा, डबे छान उजळून निघतात.

आता गाडी कधी येणार ते कसं ओळखायचं. लोकल आणि एक्स्प्रेसच्या मधल्या मोकळ्या वेळात मालगाड्या सोडतात, म्हणून उलटं करा, आधी पॅसेंजर गाड्यांच्या वेळा काढा आणि मग त्यातल्या मोकळ्या जागा शोधा. दुपारी लोणावळा लोकलमध्ये मोठी गॅप असते, तेव्हा कधी मेंटेनन्सचा ब्लॉक असतो तर कधी एकामागून एक दोन-तीन रेक (रेक म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी मालगाडी) निघतात. स्टेशनवर उभे असाल तर सिग्नल बघा. लोकल यायला वेळ आहे आणि तरी स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून पुढे सुटायचा सिग्नल, हिरवा झालाय म्हणजे थेट जाणारं काहीतरी येतंय. न थांबणारी गाडी असेल तर प्लॅटफॉर्मपासून लांब राहा अशी अनाउन्समेंट होते, ती ऐकली की कॅमेरा तयार. आणि लूप लाइनला, म्हणजे मुख्य लाइनच्या बाजूच्या थांबायच्या रुळावर, मालगाडी उभी दिसली तर घाई करू नका, तिला आधी एक्स्प्रेस पुढे काढायची असते, तेवढ्यात डबे निवांत बघून घ्या, एक्स्प्रेस गेली आणि सिग्नल मिळाला की ती हळूहळू सुटते आणि डबे जोडणारे कपलिंग ताणले जाण्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातो, तो आवाज एकदा ऐकाच.

जागा सांगतो. शहरातल्या शहरात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी बरी, कारण लोकलने जाता येतं आणि प्लॅटफॉर्मवर सुरक्षित उभं राहता येतं. चिंचवडला मालधक्का आहे, म्हणजे मालगाड्या भरायची-रिकाम्या करायची जागा (पुणे स्टेशनजवळचा मालधक्का चौक सगळ्यांना माहीत असतो, पण ते नाव कशावरून पडलं ते कुणी विचारत नाही) आणि तिथून नव्या गाड्या भरून लांबच्या राज्यांत जातात, त्या एनएमजी रेकमध्ये. एनएमजी म्हणजे जुने झालेले प्रवासी डबेच, खिडक्या बंद करून टाकलेल्या, टोकाला दार केलेलं, कार एका टोकाने आत शिरते आणि चालवत चालवत पुढच्या डब्यांत नेतात. ज्या डब्यात बसून कुणी तीस वर्षांपूर्वी गावी गेलं असेल त्यात आज चाकणच्या कार चालल्यात, मला हा रेक दिसला की बाकी काही सुचत नाही. नाशिक फाट्यापासून कासारवाडी, फुगेवाडी, दापोडीपर्यंत मेट्रो हायवेवरून जाते आणि रेल्वेलाइन बाजूलाच आहे, सुट्टीच्या दिवशी मेट्रोने एक चक्कर मारून वरून नुसती पाहणी करून घ्या, कुठे वळण आहे, कुठे झाडं आड येतात, ते सगळं कळतं.

दुसरी बाजू म्हणजे लोणी. लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत त्यामुळे टँकरचे रेक इथे नक्की बघायला मिळतात. मिरज लाइनला सासवड रोड, फुरसुंगी सोडलं की पुढे शिंदवणे-आंबळ्याचा घाट लागतो आणि जेजुरीपर्यंत मोकळे डोंगर आहेत, ही लाइन बरीच वर्षं डिझेलची होती, आता वरती वायर आली. डिझेल बघायचं असेल तर घोरपडीला इंजिनांची देखभाल करायची शेड आहे, पण शेडमध्ये परवानगीशिवाय जायचं नाही, आणि गरजही नाही, पुणे स्टेशनवर थोडा वेळ थांबलं तर शंटिंग करताना, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवताना, एखादं दिसतंच.

आणि मावळ. वेळ असेल तर सरळ कामशेत किंवा मळवली गाठा. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, इंद्रायणी तांदळाची खाचरं हिरवी-पिवळी असतात, मागे लोहगड-विसापूर, आणि मधून अख्खा रेक एका फ्रेममध्ये बसतो. भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढून वर गेलं की खालची लाइन आणि एक्स्प्रेसवे दोन्ही दिसतात, तिथे झूम लेन्स न्या. लोणावळा स्टेशनवर बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, बघायला मिळतात. कर्जतहून चढताना बोर घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, एवढा चढ एकट्या इंजिनाला जड जातो म्हणून मागून बँकर लावून गाडी ढकलतात, १८६३ मध्ये हा घाट सुरू झाला तेव्हापासून या चढाशीच झगडा चाललाय. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि मोकळेच परत खाली जातात. घाटात रुळावरून चालत जाऊन फोटो काढायचा विचारसुद्धा करू नका, राजमाची पॉइंटवरून दरी बघा, तेवढं पुरे.

डबे ओळखायला शिकलात की खरी मजा येते. वरून उघडे उंच डबे ते बॉक्सएन, कोळसा वगैरे. पूर्ण बंद, बाजूला दारं असलेले ते बीसीएन, त्यात सिमेंट, खत, धान्य, साखर. गोल टाक्या बीटीपीएन, पेट्रोल-डिझेलच्या. सपाट, ज्यावर कंटेनर बसवलेत ते बीएलसी, आपल्याकडचे कंटेनर बरेचसे न्हावा-शेवा बंदराशी जोडलेले असतात. भरलेली की रिकामी हे आवाजावरून कळतं, रिकामा बॉक्सएन खडखडतो आणि भरलेला जमिनीतून घुमत येतो, पायाखाली जाणवतो. चाकाजवळच्या स्प्रिंग बघा, भरलेल्या डब्याच्या दबलेल्या असतात. बॉक्सएनचा पूर्ण रेक ५८-५९ डब्यांचा असतो, लांबी साडेसहाशे मीटरच्या पुढे, भरला तर वजन पाच हजार टनांच्या आसपास. ताशी ५० ने गेला तरी तुमच्यासमोरून जायला पाऊण मिनिटाच्या वर लागतं, तेवढ्या वेळात काय काय टिपायचं ते आधी ठरवून ठेवा.

डब्यावर ११ आकडी नंबर असतो तो वाया घालवू नका. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेचा, त्यापुढचे दोन बनल्याचं वर्ष, मग चार आकडे त्या डब्याचा स्वतःचा नंबर आणि शेवटचा तपासणीचा. म्हणजे पाचवा-सहावा आकडा १४ असेल तर डबा २०१४ चा. इंजिनाचंही तसंच, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंट, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, डब्ल्यू-ए-जी मिळून झालं वॅग. वॅग ७ पाच हजार हॉर्सपॉवरचं, वॅग ९ सहा हजारांच्या थोडं वर, आणि दोन भाग जोडलेलं लांबलचक वॅग १२ बारा हजारांचं, ते बिहारमध्ये मधेपुऱ्याला बनतं. इंजिनावर शेडचं नाव लिहिलेलं असतं, अजनी, भुसावळ, कल्याण असं, ते फोटोत वाचता येईल असं बघा. एक वही ठेवा, तारीख, वेळ, जागा, इंजिन नंबर, डब्यांचा प्रकार, कुठे निघाली असावी. वर्षभराने ती वही फोटोंइतकीच किमती वाटते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. समोरून येणाऱ्या गाडीला १/५०० चा शटर चालतो, बाजूने जाणारी असेल तर १/१००० ठेवा. पॅनिंग करायचं तर १/६० वर या आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवत राहा, दहातला एक नीट येतो, तो एक फार सुंदर येतो. मोबाइल असेल तर गाडी यायच्या आधीच जिथे इंजिन येणार त्या जागेवर फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा, नाहीतर हेडलाइटने सगळं पांढरं होतं. विजेचा खांब इंजिनाच्या तोंडावर यायला नको, एक मोकळी जागा हेरून ठेवा आणि इंजिन तिथे आलं की मगच दाबा. फ्लॅश कधीच नाही, लोको पायलटच्या डोळ्यांवर येतो. व्हिडिओ काढताना मोबाइल आडवा धरा, झूम करू नका, आणि शेवटचा गार्डचा डबा जाईपर्यंत बंद करू नका. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात पण स्टेशनवर अजून सगळे गार्डच म्हणतात. हात केलात तर बहुतेक वेळा ते पण हात करतात.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते नीट वाचा. रुळावर किंवा रुळाच्या कडेला खडीत उतरायचं नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एका गाडीच्या आवाजात दुसऱ्या लाइनची गाडी ऐकूच येत नाही, लोक असेच जातात. वरच्या वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात, हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ओढून घेते, म्हणून पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढणं, उभ्या डब्यावर चढणं हे अजिबात नको. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं, ते काढाच. कुणी हटकलं तर वाद घालू नका, तिकीट दाखवा, फोटो दाखवा, छंद म्हणून काढतोय सांगा, नको म्हणाले तर बॅग भरा आणि दुसऱ्या जागी जा. एका स्टेशनवर मला असंच थांबवलं होतं, दहा मिनिटं बोललो तर त्यांनीच सांगितलं की पुलाच्या पलीकडच्या टोकावरून जास्त चांगलं दिसतं.

खडकी आणि देहूरोड, इथे कॅमेरा बॅगेतच ठेवा. लष्कराचे डेपो आणि कारखाने आहेत, फोटोला बंदीच आहे. आणि कुठेही लष्कराचं सामान घेऊन चाललेली गाडी दिसली, रणगाडे असोत की ताडपत्रीखाली झाकलेलं काही, तर बघा आणि सोडून द्या, फोटो नाही आणि ग्रुपवर मेसेजही नाही. ड्रोनही पुण्यात विसरा, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. मालधक्क्यावर माथाडी कामगार काम करत असतात, त्यांच्या वाटेत उभं राहू नका आणि न विचारता त्यांचे फोटो काढू नका.

सोबत पाणी, टोपी, पावसाळ्यात लेन्स पुसायला सुती फडकं, आणि काहीतरी खायला घ्या कारण मळवलीला एकदा साडेतीन तास एकही मालगाडी आली नव्हती. भाचा कंटाळून लोकलने परत जायचं म्हणत होता, तेवढ्यात पाच वाजता उतरत्या उन्हात वॅग ९ टँकरचा रेक घेऊन अप लाइनला आलं, तोंडावर सगळं ऊन, मागे विसापूर. त्याने १४ फोटो काढले, त्यातल्या तीन फोटोंत खांब आडवा आलाय आणि एक त्याने घरी दाराजवळ लावलाय.