मोबाईलवर शोधताना गरोदर बाईने काय जवळ ठेवावं

मी उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. तपासणीला आलेली बाई पिशवीतून मोबाईल काढते आणि विचारते, "सिस्टर, यात असं सांगितलंय, खरं का?" ती विचारते याचा मला आनंदच होतो. तिला जे सांगते तेच इथे लिहिते.

शोधायला बसताना माता-बाल संरक्षण कार्ड उघडून ठेवा. शेवटच्या पाळीची तारीख, हिमोग्लोबिन, बीपी, सगळं त्यात असतं. नुसतं 'गरोदरपणात उलट्या' टाकू नका, किती आठवडे झाले तेही टाका. आठव्या आठवड्यातल्या उलट्या बहुतेकींना होतात. चौतिसाव्या आठवड्यात उलट्यांसोबत डोकं दुखत असेल तर त्याच दिवशी बीपी मोजायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ साखरेच्या तपासणीचा. आपल्या सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून देतात, पोटात अन्न असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अमेरिकेतल्या माहितीत बहुधा ५० ग्रॅम आणि एक तास असं दिसेल. इंग्लंडच्या माहितीत ७.८ दिसेल, तो आपला १४०च आहे, फक्त मोजायचं एकक वेगळं. तिकडचा आकडा आपल्या रिपोर्टला लावून रात्रभर जागू नका. उपाशीपोटी यायचं का, हेही आम्हालाच विचारा.

लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं, असे व्हिडिओ फिरतात. शौचाचा रंग काळा होतो, बाळाचा रंग त्याने बदलत नाही. केशराच्या दुधानेही नाही. ते व्हिडिओ पाहून गोळ्या बंद केलेल्या बाईचं हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसतं, तेव्हा जीव तुटतो. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून मुलगा की मुलगी सांगणारे व्हिडिओ पाहू नका, घरच्या ग्रुपवर तर मुळीच पाठवू नका. त्यांना शास्त्राचा आधार नाही आणि घरातल्या बाईवर त्याचा ताण येतो. गर्भलिंग तपासणीची जाहिरात करणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, इंटरनेटवरही.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यांतलं काहीही झालं तर शोधू नका. १०८ लावा, आशाताईला हाक मारा. थंड पाणी पिऊन हालचालीची वाट बघा, असं सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत. त्यात मोलाचे तास जातात.

बाकी शंकांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हा ते डॉक्टरांना दाखवा. आणि नोंदणीत कुणाचा नंबर दिलाय तेही बघा. 'किलकारी'चे आठवड्याचे माहितीचे फोन त्याच नंबरवर येतात. पुष्कळदा तो नवऱ्याचा असतो आणि फोन येतो तेव्हा तो कामावर असतो. स्वतःचा नंबर असेल तर पुढच्या तपासणीला आमच्याकडून तो बदलून घ्या.